एका इलेक्ट्रॉनची राखण

सूर्यामध्यें हायड्रोजनच्या केंद्रकांचें मीलन होऊन ऊर्जा निर्माण होते. तशीच ऊर्जा पृथ्वीवर मिळविण्यासाठीं दक्षिण फ्रान्समधील कादाराश येथें अनेक राष्ट्रें मिळून 'ईटर' नांवाची भट्टी उभारीत आहेत. तींतील प्लाझ्मा, म्हणजे इलेक्ट्रॉन सुटून विद्युद्वाहक बनलेला वायु, सुमारें १५ कोटि अंशांपर्यंत तापवावयाचा आहे.

त्याचा एक उपाय म्हणजे अतिवेगवान् अणूंचा झोत आंत सोडणें. परंतु विद्युद्भारावांचून कणास वेग देतां येत नाहीं, आणि भार असला कीं भट्टीचें चुंबकीय क्षेत्र त्यास दारांतूनच परतवितें. म्हणून कणास आधीं भार द्यावा, १० लाख व्होल्टांच्या दाबानें पळवावें व मग भार काढून घ्यावा. इतक्या वेगांत धन आयन इलेक्ट्रॉन स्वीकारीनासा होतो. ऋण आयन मात्र आपला जादा इलेक्ट्रॉन सहज टाकतो. हायड्रोजन अणूचा स्वतःचा इलेक्ट्रॉन सोडविण्यास १३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. ह्या पाहुण्यास अवघे ०.७५ पुरतात.

जें सहज सुटतें, तें राखणें कठिण. जर्मनींत गार्किंग, इटलींत पादुआ आणि भारतांत गांधीनगरजवळील प्लाझ्मा संशोधन संस्था येथें ह्याच प्रश्नावर काम चालतें. ईटरमधील निदानासाठींच्या झोताचें काम भारताकडेच आहे. अशा प्रयोगशाळेंत पदवीनंतर आलेला विद्यार्थी रेडिओलहरींनीं हायड्रोजनचा प्लाझ्मा करितो. पुढें छिद्रें असलेली धातूची जाळी असते. तिच्यावर सीझियमचा अतिशय पातळ थर दिलेला असतो. त्या थरावर आदळून परततांना अणु एक इलेक्ट्रॉन उचलतो. ऊष्ण इलेक्ट्रॉन तो हिरावून घेऊं नयेत, म्हणून चुंबकांनीं त्यांस वाटेंतच थंड करावें लागतें.

एवढें करूनहि आयनांबरोबर नको असलेले इलेक्ट्रॉन बाहेर पडतात आणि पुढच्या जाळीवर आदळून तिला तापवितात. त्यांची संख्या आयनांहून कमी राहिली पाहिजे. ड्यूटेरियम वापरतांना हें अधिक अवघड होतें, आणि ईटरला असा झोत ३६०० सेकंद हवा आहे. प्लाझ्मा पेटला कीं सीझियमचा थर हलूं लागतो. इलेक्ट्रॉनांची रेषा पडद्यावर हळूहळू चढते. जाळी वांचविण्यासाठीं विद्यार्थी प्रयोग थांबवितो, थर पुन्हा बसवितो, पुन्हा आरंभ करितो. महिनोन् महिने हाच क्रम.

त्याच्या प्रबंधानें एकाहि घरांत दिवा लागणार नाहीं, हें तो जाणतो. तथापि ती रेषा तासभर सपाट राहिली नाहीं, तर कादाराशच्या भट्टीला हा झोतहि पुरेसा मिळणार नाहीं. म्हणून दुसऱ्या दिवशीं सकाळीं तो सीझियमची भट्टी पुन्हा तापवावयास ठेवितो.