मेळघाटच्या ओढ्यावरचा भेक



पहिला दमदार पाऊस झाला की चिखलदऱ्याला किंवा अकोटहून नरनाळ्याला गेलेल्या मंडळींचे फोटो मोबाइलवर फिरू लागतात. ओढ्याकाठच्या ओल्या दगडावर बसलेला खरखरीत पाठीचा बेडूक, आणि खाली विचारणा, ‘ही डोंगरी ओढ्यातली दुर्मीळ जात का हो?’

बहुधा नसतेच. रात्री अंगणातल्या दिव्याखाली किडे टिपणारा आपला भेक तो हाच, डुटाफ्रायनस मेलॅनोस्टिक्टस. पावसाळ्यात अंडी घालायला पाण्यावर येतो, एवढंच. खरा ओढ्यात राहणारा भेक, घाटोफ्रायनी ऑर्नाटा, हा कर्नाटकातल्या कोडगूकडचा. ब्रह्मगिरीच्या डोंगरातला हा भेक प्राणिशास्त्रज्ञ गुंथर यांनी १८७०च्या दशकात शास्त्राला कळवला. आंबोलीचा प्रसिद्ध भेकही ओढ्यातला नाही. तो सड्यावरच्या उथळ डबक्यांत वाढतो.

तेव्हा जागेवरून जात ठरवू नका. रंगावरून तर नकोच. विणीच्या दिवसांत नर पिवळसर पडतो आणि लोकांना वाटतं, काहीतरी नवंच सापडलं! बघायचं ते डोकं. आपल्या भेकाच्या डोळ्यांभोवती हाडाचे काळे कंगोरे असतात, भुवया कोरल्यासारखे. पाठीवरच्या पुष्कळ पुळ्यांची टोकंही काळी. डोक्यामागे दोन्ही बाजूंना लांबट, फुगीर ग्रंथी. कंगोरे नसून डोकं सपाट असेल, तर कोरड्या मुलखात आढळणाऱ्या स्टोमॅटिकस या दुसऱ्या भेकाचा विचार करा. मात्र पिल्लांत कंगोरे नीट उमटलेले नसतात. तिथे भले भले चकतात.

पाण्यात जेलीच्या लांब दोऱ्यात ओवलेली काळी अंडी दिसली, तर ती भेकाची. बेडकांची अंडी सहसा गोळ्यानं किंवा पाण्यावर पसरलेली असतात.

भेकाला शिवल्यानं चामखीळ उठते, हे खोटं. पण त्या ग्रंथींतला पांढरा चीक विषारी असतो, डोळ्यांत गेला तर आग होते. शिवलातच तर हात धुवा.

मेळघाटच्या व्याघ्र प्रकल्पात तर प्राण्याला उचलूच नका. एक फोटो वरून डोक्याचा, एक बाजूनं घ्या आणि तारीख, ठिकाण लिहून ठेवा. जाणकाराला तेवढं पुरतं.