बालकांचा अपस्मार आणि जन्मानंतरचा पहिला तास



फेफरे, आकडी, फिट अशा अनेक नावांनी आपल्या सोलापूर जिल्ह्यात ओळखला जाणारा विकार म्हणजे अपस्मार. मुलाला झटका आला की कोणी कांदा हुंगवितो, कोणी वहाण नाकाशी धरतो, तर कोणी देवऋष्याकडे धाव घेतो. या धावपळीत उपचाराचा मोलाचा काळ वाया जातो. वास्तविक अपस्मार हा दैवी कोप नव्हे. मेंदूतील विद्युत्-व्यवहार अचानक बिघडल्याने झटके येतात. हा विकार एकाचा दुसऱ्यास लागत नाही. योग्य औषधे नियमित घेतल्यास दहापैकी सुमारे सात रुग्ण झटक्यांपासून मुक्त राहू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

परंतु हा विकार मुळातच टाळता येईल काय? या प्रश्नाच्या उत्तराला मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील बालमेंदूविकारतज्ज्ञ डॉ. व्रजेश उदानी यांच्या संशोधनाने मोठा हातभार लावला. भारतातील बाल-अपस्माराचे प्रश्न पाश्चात्त्य देशांहून वेगळे आहेत, हा विचार त्यांनी २००५ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ पेडियाट्रिक्स’मधील लेखात मांडला. पुढे २००९ मध्ये ‘इंडियन पेडियाट्रिक्स’ या नियतकालिकात त्यांनी सहकाऱ्यांसह एक अभ्यास प्रसिद्ध केला. तान्हेपणी सुरू होणाऱ्या अपस्मारामागे, जन्मानंतर रक्तातील साखर घटल्याने मेंदूला झालेली इजा हे एक प्रमुख कारण असल्याचे त्यातून पुढे आले.

हे कसे घडते? गर्भात बाळाला नाळेतून साखर मिळत असते. नाळ कापताच तो पुरवठा थांबतो. कमी वजनाच्या बाळाच्या यकृतातील साठा तुटपुंजा असतो. त्यातच दूध मिळण्यास विलंब झाला, तर मेंदू उपाशी राहतो. डोक्याच्या मागील बाजूस, दृष्टीशी संबंधित असलेल्या भागास विशेष इजा होते. झटके मात्र कित्येकदा काही महिन्यांनी सुरू होतात. त्यामुळे त्यांचा संबंध जन्मानंतरच्या त्या पहिल्या दिवसांशी आहे, हे मातापित्यांच्या ध्यानी येत नाही.

विडी वळणाऱ्या, यंत्रमागावर राबणाऱ्या, ऊसतोडीस जाणाऱ्या भगिनींच्या या जिल्ह्यात हा बोध घरोघरी पोहोचला पाहिजे. पहिला चीक पिळून टाकणे, मधाचे बोट चाटविणे, गुळाचे पाणी पाजणे या रूढी आता सोडाव्यात. सर्वसाधारण प्रसूतीनंतर तासाभरात बाळास स्तनपान द्यावे. बाळ दूध ओढत नसेल, सुस्त असेल वा थरथरत असेल, तर त्याची रक्तशर्करा त्वरित तपासून घ्यावी. ही तपासणी टाचेतून घेतलेल्या थेंबभर रक्तावर होते.

झटका आल्यास मुलाला कुशीवर वळवावे, कपडे सैल करावेत आणि तोंडात काहीही घालू नये. झटका पाच मिनिटांहून अधिक टिकल्यास तत्काळ रुग्णालय गाठावे. डॉक्टरांच्या सल्ल्याविना औषध बंद करू नये. अपस्मार असलेल्या मुलाची शाळाही बंद करू नये.

सोलापुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि गावोगावी आशा कार्यकर्त्या आहेत. संशोधकाने कारण दाखवून दिले. ते दूर करण्याचे काम मात्र माता, सुईण, परिचारिका आणि घरातील वडीलधारी मंडळी यांचेच आहे. पहिल्या तासातील आईचे दूध एखाद्या बालकाचे संपूर्ण आयुष्य सावरू शकते, हे आपण सर्वांनी ध्यानी ठेवावे.