चांदीपुरा मेंदूज्वर : गावाने राखावयाची दक्षता



नवा रोग परमुलखातूनच येतो, अशी सर्वसाधारण समजूत असते. परंतु चांदीपुरा विषाणूची पहिली ओळख पटली ती विदर्भातच. १९६५ साली नागपूर भागात तापाची साथ असताना रुग्णांच्या रक्ताचे नमुने पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रात तपासण्यात आले. त्यांत एक अपरिचित विषाणू आढळला आणि चांदीपुरा गावाचे नाव त्यास मिळाले.

पुढे जवळजवळ चार दशके हे नाव संशोधकांपुरतेच राहिले. २००३ साली आंध्र प्रदेशात मेंदूज्वराने ३२९ मुले आजारी पडली व त्यांपैकी १८३ दगावली, तेव्हा या विषाणूचे खरे स्वरूप देशाला कळले. २००७ साली नागपूर विभागात आणि २०२४ साली गुजरातेत त्याने पुन्हा बालके हिरावून नेली. यास्तव वर्ध्यास लागून असलेल्या पिपरी मेघेसारख्या गावानेही गाफील राहणे योग्य नव्हे.

हा विषाणू मुख्यत्वे वाळूमाशी पसरविते. ती डासाहून पुष्कळ लहान असते. साध्या मच्छरदाणीच्या छिद्रांतूनही आत शिरते. तिची पैदास साचलेल्या पाण्यात होत नाही. ओलसर माती, शेणकचरा व भिंतींच्या भेगा ही तिची आश्रयस्थाने होत. म्हणून केवळ डबकी बुजवून भागणार नाही. पावसाळ्यापूर्वी भेगा लिंपणे, गोठा व उकिरडा राहत्या घरापासून दूर ठेवणे आणि आरोग्य खात्याच्या फवारणीस घराचे आतले खोलीपर्यंत दार उघडून देणे, ही कामे ग्रामपंचायतीने अंगावर घ्यावीत.

या रोगावर आजतागायत लस नाही, खास औषधही नाही. सकाळी खेळणारे मूल तीव्र ताप, उलट्या, झटके व बेशुद्धी अशा क्रमाने एक-दोन दिवसांत दगावू शकते. मात्र ताप उतरविणे, झटके थांबविणे व मेंदूची सूज आटोक्यात आणणे हे उपचार वेळेवर मिळाल्यास मूल वाचू शकते. झटका आलेल्या मुलास कुशीवर निजवावे, तोंडात काही घालू नये आणि अंगारेधुपाऱ्यांत वेळ न दवडता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

सेवाग्राम व सावंगी येथील रुग्णालये जवळ आहेत. पण जवळच्या रुग्णालयाचा लाभ वेळेत घराबाहेर पडणाऱ्यासच होतो. शिक्षकांनी हे प्रत्येक पालकास सांगावे. ज्या रोगाला औषध नाही, त्याच्याशी लढताना गावाची जागरूकता हाच पहिला उपचार होय.