आंबट खाल्ल्यावर दात जपा



उन्हाळ्यात आपल्या बुलढाणा जिल्ह्यात घरोघरी चिंच, कैरी, लिंबू असते. आंबटाने दातावरचे कठीण कवच थोडा वेळ मऊ पडते.

लहानपणी मी चिंचा खाऊन लगेच राखुंडीने दात खसाखसा घाशी. कवच झिजले. आज गार पाणी प्यालो, की मस्तकात कळ जाते. झिजलेले कवच पुन्हा येत नाही.

तेव्हा आंबट खाल्ले, की आधी पाण्याने चूळ भरा. दात तासाभराने घासा. ब्रश मऊ, हात हलका ठेवा. राखुंडी नको.

दुकानात फ्लोराइडची पेस्ट मागा. मऊ पडलेले कवच पुन्हा घट्ट व्हायला फ्लोराइड मदत करते. झीज कमी होते. पण अजिबात थांबत नाही. म्हणून घाई करू नका. पेस्ट गिळू नका.

माझे दात गेले. तुमच्या लेकरांचे राखा.