चिकाचे कवच
(माजी विद्यार्थी मेळावा, बेळ्ळंदूर येथील भाषण)



बहुतेक जंतू नाक, घसा व आतडी यांच्या ओलसर अस्तरावाटे शरीरात शिरतात. नवजात बाळाच्या आतड्यात तेथे पहारा देणारी प्रतिपिंडे जवळजवळ नसतात. आईच्या चिकातून व दुधातून ती दर पाजण्यागणिक अस्तरावर उतरतात. पहारा सतत हवा, म्हणून पाजणेही सतत हवे.

आईचे दूध न मिळणाऱ्या बाळांसाठी डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये मुंबईच्या शीव रुग्णालयात आशियातील पहिली मातृदुग्धपेढी उभारली. पाश्चरीकरणानंतरही त्या दुधात प्रतिपिंडांचा बराच अंश टिकतो.

बेळ्ळंदूरच्या उंच इमारतींत अनेक बाळंतिणींजवळ आजी-मावशी नसतात. त्यांना आपणच सांगूया : चीक टाकू नका, दूध उरत असेल, तर दुग्धपेढीला द्या.