पान जळतं, शिरा राहतात

सांताक्रूझहून बोलतेय. मी स्टोनवेअर करते, म्हणजे १२०० अंशांच्या वर भाजलेली, दगडासारखी घट्ट भांडी. कुंभारवाड्यातलं मडकं त्याहून बऱ्याच कमी आचेवर भाजतात. म्हणून ते पाझरतं, पाणी गार ठेवतं. माझी थाळी पाझरत नाही.

ओल्या मातीवर मी रस्त्यावरच्या बदामाचं पान लाटण्याने दाबते. भट्टीत पान जळतं, शिरांचा ठसा राहतो. भायंदरच्या ब्रह्मदेव पंडितांना पॉटरीसाठी २०१३ मध्ये पद्मश्री मिळाली, तरी लोक मला विचारतात, "ताई, मशीनवर नाही का होत?"

पावसाळ्यात माती वाळतच नाही. ओलसर थाळी भट्टीत गेली, की आत वाफ कोंडून फुटते. म्हणून गणपतीच्या ऑर्डरी जुलैतच बंद. भाडं थकलं तरी! सध्या बारा थाळ्या वर्तमानपत्राखाली वाळतायत. पंखा बंद.