गरीब स्वभावाचे पिल्लू

आपण खेड्यात सहज म्हणतो, "या, या, भिऊ नका, कुत्रं गरीब आहे." अशी गरीब पिल्ले प्राण्यांच्या निवारागृहांत कितीतरी असतात. त्यांतले एखादे घरी आणायचे, तर काय पाहावे आणि पुढे काय सांभाळावे, हे आज सांगणार आहे.

निवारागृह ही काही नवी कल्पना नव्हे. मुंबईत १८३२ साली मोकाट कुत्री मारण्याच्या हुकमावरून पारशी मंडळी खवळली, शहरात दंगा झाला. पुढे १८३४ साली सर जमशेटजी जिजीभाय यांच्या पुढाकाराने तिथे पांजरपोळाची स्थापना झाली. मुक्या जनावराला आसरा द्यावा, ही आपल्याकडची जुनीच रीत आहे.

पिल्लू निवडताना रंगावर जाऊ नका. जरा जमिनीवर बसा आणि वाट पाहा. आपणहून जवळ येते, हात हुंगते, अंग सैल सोडून शेपूट हलवते, ते पिल्लू माणसाला रुळलेले समजावे. कोपऱ्यात गप्प पडलेले मात्र गरीबच असेल असे नाही; ते भेदरलेले किंवा आजारी असू शकते. अशा पिल्लाला टाकू नये, पण त्याला वेळ द्यावा लागेल हे जाणून आणावे.

कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडे, असे म्हणतात. शेपटाचे काही का असेना, कुत्र्याचा स्वभाव वळतो आणि तो दोन्हीकडे वळतो. गरीब पिल्लाला दिवसभर साखळीला बांधा, उपाशी ठेवा, येताजाता काठी दाखवा. तेच उद्या चावरे होईल. मग आपणच म्हणणार, कुत्र्याची जातच तसली!

म्हणून पहिले काही दिवस त्याला घरातली एक शांत जागा द्या. पाहुण्यांची गर्दी नको. खाणे ठरल्या वेळी द्यावे. नुसत्या दूध-भाकरीवर वाढत्या पिल्लाचे भागत नाही. उकडलेले अंडे किंवा बिनमसाल्याचे मांस जमेल तसे द्यावे. कांदा घातलेले कालवण आणि द्राक्षे मात्र देऊ नयेत, ती कुत्र्याला बाधतात.

आणल्याबरोबर पशुवैद्याला दाखवा. जंताचे औषध, इतर लसी आणि साधारण तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस, हे त्यांच्या सल्ल्याने वेळेवर व्हावे. पुढची लसही चुकवू नये. योग्य वयात नसबंदी करून घेतली, म्हणजे नको असलेली पिल्ले उकिरड्यावर सोडायची वेळ येत नाही.

गुरुजनांना एक विनंती आहे. वर्गात मुलांना सांगा: खात्या, झोपलेल्या आणि पिल्लांजवळ बसलेल्या कुत्रीला किंवा कुत्र्याला हात लावू नये, दगड मारू नये, कुत्रे अंगावर आले तर पळू नये, स्थिर उभे राहावे. आणि चावले वा ओरखडले, तर मार बसेल म्हणून घरी लपवू नये. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट काही भरू नये. त्याच दिवशी दवाखाना गाठावा आणि लसीचे सगळे डोस पुरे करावेत. रेबीज एकदा उमटला की माणूस बहुधा वाचत नाही. वेळेवर उपचार घेतले, तर तो टाळता येतो.

शेवटी एवढेच. कुत्रे दहा-बारा वर्षे जगते. सुगीच्या धांदलीत त्याला कोण पाहील, गावाला गेल्यावर खायला कोण घालील, याचा विचार घरातल्या सगळ्यांनी मिळून आधीच करावा. उत्तर मिळाले नाही, तर तूर्त आणू नये, त्यात कमीपणा नाही. एकदा माणसाला लागलेले पिल्लू पुन्हा रस्त्यावर सोडले, तर ते त्याच उंबऱ्याशी परत येऊन बसते. तेव्हा आणायचे, ते सांभाळायचे ठरवूनच आणावे.